नव्या नवरीची कंबर

कंबर दुखली की माणसं भेटायला येतात, आणि माणसं आली की किस्से साचतात. निलंग्याच्या आमच्या घरात सध्या मलमाच्या ट्यूबांपेक्षा किस्सेच जास्त झालेत.

सुरुवात आमच्या ह्यांच्यापासून. अंगाची हळद उतरायच्या आत ह्यांनी मला गाडीवर बसवून शेत दाखवायला नेलं. मी साडीत, एका बाजूला पाय सोडून. स्पीडब्रेकर आला. गाडी पुढे गेली आणि मी रस्त्यावर! हे मात्र पार फाट्यापर्यंत सोयाबीनचं सांगत गेले. परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक.

"अगं, उतरलीस कधी?"

तेव्हापासून हे एकटे असले तरी स्पीडब्रेकर आला की खाली उतरतात आणि गाडी ढकलत नेतात.

*

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी एक्सरे पाहिला. हाड शाबूत, स्नायूंना मार. "चालायचं, शेकायचं, व्यायाम करायचे. सध्या वाकायचं मात्र नाही."

सासूबाई चिंतेत. नव्या सुनेनं घरी येणाऱ्या प्रत्येक थोरल्या माणसाच्या पाया पडायचं असतं, आणि माझ्या कमरेपायीच तर माणसं येणार!

"म्याडम, मग हिनं पाया पडायचं कसं?"

"नुसते हात जोडायचे."

"हात जोडायला ती काय मतं मागायला आलीय का?"

*

व्यायाम म्हणजे उताणं झोपून कंबर वर उचलायची. पाहुणे बसलेले असले की सासूबाई दार ओढून घ्यायच्या आणि सांगायच्या, "सूनबाई पूजेला बसलीय." आतून माझं कण्हणं ऐकू जायचंच.

शेजारच्या शबानाचाची रोज ओवा-मिठाची गरम पुरचुंडी घेऊन येतात. त्या एकदा म्हणाल्या, "वहिनी, लई मेहनतीची पूजा हाय ओ तुमच्या सुनंची!"

*

मग उदगीरचे मामा आले. मला बघताच म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे!" पण थोरल्यांचं तोंड ऱ्हाऊ दे म्हणतं तेव्हा पाय पुढे आलेले असतात. मी वाकले आणि मध्येच अडकले. खालीही जाईना, वरही येईना. मामांनी आशीर्वाद दिला. मी तशीच. त्यांना वाटलं कमी पडला, त्यांनी आणखी एक दिला. मुलांबाळांवरून ते नातवंडांपर्यंत पोचले तेव्हा कुठे ह्यांनी येऊन मला सरळ केलं!

*

राहिल्या देवणीच्या आत्या, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. लग्नात भर मांडवात त्या म्हणाल्या होत्या, "पोरगी नांदेडची हाय. वाकती का बघू." माझ्या आईला ते अजून टोचतं. म्हणून मी ठरवलंच होतं, कंबर मोडली तरी चालेल, आत्यांसमोर वाकायचं.

आत्या एसटीनं आल्या. हातात काठी, दोन्ही गुडघे सुजलेले. मी पदर घेतला, एक हात भिंतीला टेकवला आणि दात आवळले.

"थांब!" आत्यांनी मला खालीवर न्याहाळलं. मग ह्यांना म्हणाल्या, "खुर्ची लाव रे त्या टेबलाला."

आम्हाला वाटलं, बसायचंय. आत्यांनी काठी सासूबाईंकडे दिली. ह्यांचा खांदा धरून, "आई गं" करत खुर्चीवर चढल्या. तिथून जेवणाच्या टेबलावर!

"पंखा बंद कर की रे, मुडद्या!"

पंखा थांबला. आत्यांनी लुगडं जरा वर घेतलं, टेबलाच्या कडेला आल्या आणि दोन्ही पाय जुळवून उभ्या राहिल्या.

"हं, पड आता पाया. वाकायचं न्हाई."