नांदगावच्या अंकातलं कुंकू

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या भागातल्या पेपरचा नाशिक शहराचा अंक रंगीत निघायचा आणि नांदगावकडे जाणारा काळापांढरा. जाहिरात मात्र दोन्हीकडे एकच. आमच्या एजन्सीच्या साहेबांनी हे मला बजावून सांगितलं होतं. पण हाताशी कॉम्प्युटर आणि त्यात इतके रंग! कोण ऐकतंय?

मी जाहिरात एजन्सीत नवी, आणि ही माझी पहिलीच जाहिरात, मेनरोडवरच्या साडीच्या दुकानाची. घरी वडील बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणून टपलेले. इथून नारळ मिळाला की माझी चित्रकला खलास.

मॉडेल म्हणून शेटजींनी आपली बायकोच आणली. "का, वाईट दिसते का?" छे हो! गव्हाळ चेहरा, कपाळावर मोठं लालभडक कुंकू, मंगळसूत्र पदराखाली गेलेलं. मी भोवती पैठणीच्या काठासारखी गडद मरून चौकट काढली आणि खाली शेटजींचं नाव टाकलं, चांगलं ठसठशीत. छापून आली त्या सकाळी मी स्वतःवरच फिदा होते.

दुपारी शेटजी, त्यांची बायको आणि तिचा भाऊ, असे तिघं एजन्सीत हजर. भावानं नांदगावचा अंक टेबलावर आपटला.

"बगा! ताईचं कपाळ मोकळं, भवती काळी चौकट, अन् खाली दाजींचं नाव!"

अगं बाई! लाल कुंकू आणि गव्हाळ कपाळ, दोन्ही एकाच राखाडी रंगात मिसळून गेलेले. चौकट तेवढी काळीकुट्ट. एका लग्नातल्या मानपानावरून मेव्हण्या-मेव्हण्यांची बोलाचाल बंद होती, त्यामुळे फोन करायचा या भावाला धीर झाला नाही. नांदगावहून पहिली गाडी पकडून रडत रडत दुकानात आला, तर दाजी गल्ल्यावर बसून चहात खारी बुडवतायत. याने तिथेच गळ्यात पडून हंबरडा फोडला म्हणे.

"माझ्यासाठी रडला हो हा!" शेटजी पुन्हा पुन्हा सांगत होते. मला हसू आवरेना.

साहेब मात्र हसले नाहीत. "उद्या हीच जाहिरात पुन्हा छापायला जाणार आहे. आत्ता, यांच्यासमोर दुरुस्त कर. झेरॉक्समध्ये कुंकू दिसलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मी कॉम्प्युटरसमोर बसले. चौकटीतला मरून उचलला आणि कुंकवाला दिला. चौकट केली फिकट पिवळी. पडद्यावर छान दिसत होतं, पण पडद्यावर तर आधीचंही छानच दिसलं होतं! प्रिंट काढून झेरॉक्सवर ठेवली, बटण दाबलं. आम्ही सगळे त्या मशीनवर ओणवे झालो. शेटजींच्या बायकोनं माझा दंड घट्ट धरला होता.

गरम कागद बाहेर सरकला. कपाळाच्या मधोमध काळंभोर, गोल गरगरीत कुंकू!

मेव्हणा पुन्हा रडायला लागला. शेटजींनी खिशातून रुमाल काढून त्याच्या हातात दिला, आणि कागद उंच धरून ओरडले, "हुश्श! झालो बाबा एकदाचा जिवंत!"

त्यांना काय ठाऊक, त्या खोलीत आम्ही दोघं जिवंत झालो होतो.