मास्तरांची घंटी

डोंगरातल्या शर्यतीच्या सायकलला घंटी लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. जाड टायरांची, वजन वाचवायला स्टँडसुद्धा नसलेली ती सायकल आणि तिच्या हँडलवर वाटीएवढी पितळी घंटी. मास्तर एस.टी.त कंडक्टर होते. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. घंटीशिवाय गाडी हलते, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. "एक मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं," एवढंच शिक्षण त्यांनी आम्हाला दिलं.

ते कायम सगळ्यांच्या मागे चालवायचे. निघण्याआधी मान वळवून विचारायचे, "कुणी राह्यलं का?" चहाच्या टपरीवरून उठतानासुद्धा. मुनीर वकील वैतागायचा, "अहो मास्तर, तिघंच हाओत आपण!"

"तिघातलाबी एखादा राहतो, वकीलसायब."

तिसरा मी. बीडमध्ये माझे कोचिंग क्लास आहेत. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं म्हणून सायकल घेतली आणि या दोघांच्या संगतीत पहाटे मांजरसुंब्याच्या घाटाकडे जाऊ लागलो. चढावर माझा दम संपला की पाठीवर एक रुंद तळवा टेकायचा. मास्तर एका हाताने स्वतःची सायकल सांभाळत दुसऱ्याने मला ढकलत असायचे. मला लाज वाटायची. ते म्हणायचे, "लाजता कावून, सर? गाडी बंद पडली की आमी प्याशिंजरं उतरून ढकलतोच की."

मग बालाघाटातली ती तीन दिवसांची सांघिक शर्यत आली. तिघांनी बरोबर निघायचं, बरोबर पोचायचं. रोज ठरलेल्या वेळेत तिघांनीही शेवटची कमान ओलांडायची, नाहीतर संघ बाद. मास्तर याआधी दोनदा उतरले होते आणि दोन्ही वेळा जोडीदार मध्येच घरी गेले होते. हे त्यांचं नोकरीतलं शेवटचं वर्ष. गुडघा कुरकुरत होता, पुढच्या वर्षीचा भरवसा नव्हता. "सर, जल्मभर लोकांला शेवटच्या स्टॉपवर नेऊन सोडलं," ते म्हणाले होते. "एकदा मलाबी पोचायचंय."

पहिले दोन दिवस पार पडले. तिसऱ्या दिवशी, शेवटच्या चढाच्या अलीकडे, माझे पाय संपले. मास्तरांना नुसतं 'थांबू या' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण कमानीपाशी माझे विद्यार्थी फलक घेऊन उभे होते; तो फलक मीच छापून घेतला होता. आणि मुनीर सकाळपासून डिवचत होता, "काय सर, क्लासात लई आवाज असतो, हितं नुसती शिट्टी वाजायलीय!"

एका बोअरजवळ ते दोघे बाटल्या भरायला गेले. मी मागच्या चाकाच्या व्हॉल्वची टोपी काढली आणि नखाने दाबून हवा सोडून दिली. मग ओरडलो, "पंक्चर!" वाटलं, हे हवा भरतील, तोवर मला बसायला मिळेल. तेवढा वेळ आमच्या हातात होता.

मी मास्तरांना ओळखलं नव्हतं. "काटा काढल्याबिगर हवा भरायची न्हाई, फुडं परत बसतंय," म्हणत त्यांनी टायर उतरवला आणि आतून सगळीकडे बोटं फिरवली. गुरांच्या हौदात ट्यूब बुडवली. एकही बुडबुडा आला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मुठीकडे. व्हॉल्वची टोपी मी अजून मुठीतच धरून होतो.

"घावलं का?" मुनीर ओरडला.

मास्तर खाली वाकले, बाभळीखालचा एक काटा उचलून त्यांनी दाखवला. "हा बघा. लई बारीक हाय." आणि धडधाकट ट्यूब कानशीने घासून, सोल्युशन लावून, वाळेपर्यंत फुंकर घालून त्यांनी तिच्यावर ठिगळ चिकटवलं. मी दगडावर बसून बघत होतो. मला हवी होती त्याहून कितीतरी जास्त विश्रांती मला मिळाली.

उरलेल्या चढावर त्यांचा हात माझ्या पाठीवरून निघाला नाही. समोर कमान दिसत असताना वेळ संपली म्हणून तिथल्या माणसाने झेंडा खाली घेतला.

मुनीरने सायकल आपटली. "मास्तर, एका पंक्चरला एवढा वेळ? कावून?"

"हात चालंना माझा," मास्तर म्हणाले. "वय झालं."

मी तेव्हाही बोललो नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ. पण मास्तरांनी शर्यत कशी घालवली हा किस्सा मी स्वतः वर्गात सांगितला, फुंकर घालण्याच्या नकलेसकट. पोरं पोट धरून हसली.

ते निवृत्त झाले आणि युसूफ वडगावला, गावी राहायला निघाले, तेव्हा मी त्यांना गाठायला बीडच्या स्टँडवर गेलो. त्यांनी आपली सायकल आधीच भाच्याला देऊन टाकलेली. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवलेल्या मास्तरांना मी म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी काटा..."

"म्हाईत हाय, सर." ते रागावले नव्हते, हेच मला अजून सोसत नाही. "नुसतं बोलायचं हुतं. एक घंटी मारली असती."

ते आत जाऊन बसले. मागून आलेल्या तरुण कंडक्टरने कुणाला काही न विचारता दोरी दोनदा ओढली. मास्तरांनी मात्र खिडकीतून डोकं काढून सवयीने मागे पाहिलं. मागे मी एकटाच उभा होतो.

मुनीर अजूनही नव्या पोरांना सांगतो, "आमची शर्यत मास्तरांनी घालवली." मी शेजारी चहा पीत असतो. त्याच्या तोंडावर सांगायचं धाडस मला आजवर झालेलं नाही, म्हणून हे लिहिलं; तो वाचेल. त्याला खात्री करून घ्यायची असेल तर माझ्या सायकलचं मागचं चाक उघडावं. ट्यूब तीच आहे. ठिगळ काढून बघावं, खाली भोक नाही.