बोरन्हाणाची टेप

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. आमच्या घरात लिंबू कापलं जातं ते सरबतासाठी. फौजी माणसाशी संसार केला, दर दोन-तीन वर्षांनी नवं क्वार्टर... प्रत्येक क्वार्टरबद्दल कुणी ना कुणी काहीतरी सांगायचंच, पण मला कधी साधं मांजरसुद्धा आडवं गेलं नाही. तुम्ही इथे लिहिता ते भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचते आणि निम्म्यांना मनातल्या मनात हसते. आता तुम्ही मला हसा.

मी मूळची साताऱ्याकडची. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचून वाचून. यजमानांची जयपूरला बदली झाली तेव्हा प्राची पोटात होती. रिटायर झाल्यावर इथेच, जगतपुऱ्यात, घर बांधलं. ते जाऊन तीन वर्षं झाली. प्राची आणि जावई जवळच फ्लॅटमध्ये राहतात, आणि आमचा नातू अर्णव आता रांगत रांगत सगळं घर पुसून काढतो.

तर या संक्रांतीला अर्णवचं बोरन्हाण करायचं ठरलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळं. आणि प्राची मला म्हणते, "आई, मतलब औक्षण सुमनमावशीच करेल ना? माझं पण तिनेच केलं होतं."

जळले मी. साठी ओलांडलेली बाई, पण जळले.

ही सुमन कोण ते सांगते. मिलिटरी स्टेशनच्या क्वार्टरमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. कराडची; पुढे तिनेही इथेच जयपुरात घर केलं. प्राची सहा महिन्यांची असताना मला छातीचा आजार निघाला, संसर्गाचा. लेकराला जवळ घ्यायचं नाही म्हणाले, आणि मला पुण्याकडे इस्पितळात धाडलं. सात-आठ महिने मी तिकडे. प्राचीला सांभाळलं सुमनने. परत आले तेव्हा माझी पोर मला बघून सुमनच्या पदरात तोंड लपवून रडली. तिला "आई" म्हणायची, आणि मला... मला काहीच नाही.

उपकार आहेत तिचे, नाही कुठे म्हणते? पण उपकाराच्या आत एक कुसळ असतं हो. ते अजून टोचतं.

प्राचीचं बोरन्हाण त्याच काळात झालं. मी इस्पितळात आणि इकडे सुमनने हौसेने सगळं केलेलं. हलव्याचे दागिनेसुद्धा तिनेच केलेले. यजमानांनी कुणाचा तरी व्हिडिओ कॅमेरा मागून शूटिंग केलं. पुढे तसलाच कॅमेरा त्यांनी स्वतःही घेतला. दर संक्रांतीला म्हणायचे, "अगं, ती टेप एकदा बघू या ना. तू बघच." आणि मी म्हणायची, लाडू वळायचेत, डोकं दुखतंय, पुढच्या वर्षी. सुमनच्या मांडीवरची माझी लेक मला बघायचीच नव्हती. शेवटपर्यंत नाही बघितली.

तर प्राचीने ठरवलं की सगळ्या टेपा कॉम्प्युटरवर घ्यायच्या आणि बोरन्हाणाला टीव्हीवर लावायच्या. कॅमेरा मालवीय नगरला दुरुस्त करून आणला. तीन रंगांच्या वायरी, त्यांना एक छोटी डबी, डबी लॅपटॉपला. मला वाटलं फोटोसारखं झटकन होईल, तर नाही... टेप जेवढी लांब तेवढा वेळ ती चालू द्यायची. म्हणजे बघत बसणं आलंच. भर दुपारी, बाहेर पोरं पतंगांची प्रॅक्टिस करताहेत, आणि मी अर्णवला मांडीवर घेऊन नाइलाजाने बसलेली.

लागली टेप. क्वार्टरची गच्ची. पाठीमागून कुठून तरी "वो काटा!" चा गलका. सुमन ताटात बोरं, चुरमुरे, रेवड्या कालवतेय — बारीक होती तेव्हा, आणि मिरवत होती, मिरवणारच. यजमानांचा आवाज आला, "सुमनवहिनी, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय." किती दिवसांनी ऐकला तो आवाज... असो.

सुमनने प्राचीला पाटावर बसवलं. पोर रडायला लागली. कडेवर घेतलं तर अजून जोरात. हात डावीकडे पसरून नुसती ओढ. शेवटी खाली ठेवलं तशी ही भरभर रांगत निघाली आणि कॅमेरा तिच्यामागे गेला.

कठड्यापाशी चटई होती. चटईवर एक बाई पाठमोरी बसलेली. प्राची थेट तिच्या मांडीवर चढली आणि गप्प!

मी म्हटलं, घ्या! एक कमी होती म्हणून ही दुसरी! कोण ही? कुठल्या क्वार्टरची? इतका संताप झाला ना...

तेवढ्यात ती बाई वळली.

शेजारी बसलेली प्राची म्हणाली, "आई, ही तर तू आहेस. तू तर म्हणायचीस, तू नव्हतीस."

मीच होते. मानेपर्यंत कापलेले केस, अंगावर वॉर्डातलं लाल कांबळं. इस्पितळात पडून पडून वेणीचा गुंता सुटेना म्हणून नर्सने केस कापले होते. परत येईपर्यंत ते खांद्यावर आले होते, इतक्या आखूड केसांत मला जयपुरात कुणीच पाहिलं नव्हतं. फोटोसुद्धा नाही.

सुमनला फोन केला. काही सांगितलं नाही, नुसतं ये म्हटलं. आली, चष्मा लावून बघितलं, पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "वैनी, त्या दिवशी ही मोकळ्या चटईवर जाऊन बसली होती. एकटी. हसत होती. सगळी बोरं मी तिथंच टाकली. एवढे महिने रात्रंदिवस हिला छातीशी धरलं, आणि त्या दिवशी हिनं माझ्याकडं वळून बघितलं न्हाई. इतका राग आला होता मला!"

"कुणाचा गं?"

"कुणाचा काय, चटईचा!"

दोघी हसलो, मग दोघींचेही डोळे भरून आले. म्हणजे बघा, मी हिच्यावर जळत होते आणि ही चटईवर.

टेपवर सुमन ताट पालथं करते. बोरं त्या बाईच्या ओच्यात पडतात, तिथेच राहतात. पोरं लुटायला धावतात. आमचे यजमान एरवी कॅमेरा गरागरा फिरवायचे, बघणाऱ्याला चक्कर यायची. पण इथे कॅमेरा हलत नाही. त्या दोघींवरच थांबलेला. फक्त एकदा नाक ओढल्याचा आवाज येतो, आणि टेप संपते.

त्यांना काय दिसलं होतं? दर वर्षी "तू बघच" म्हणायचे ते त्यासाठीच का? आता विचारणार कुणाला?

जावई म्हणतात, एका शूटिंगवर दुसरं शूटिंग चढलं असेल. म्हटलं, जावईबापू, इस्पितळात माझं शूटिंग केलं कुणी? आणि चढलं तर चढलं, पोर मांडीवर कशी बसली? त्या संक्रांतीला मी पुण्यात तापाने पडून होते, एवढं आठवतं. स्वप्नसुद्धा पडलं नव्हतं. पडलं असतं तर निदान तसं म्हणता तरी आलं असतं.

अर्णवचं बोरन्हाण झालं. औक्षण सुमननेच केलं, मीच तिच्या हातात ताट दिलं. मांडीवर मात्र मी घेतला. दोन मिनिटं बसला, मग भोकाड पसरलं आणि गेला प्राचीकडे. सुमन म्हणाली, "बघा वैनी, पोरगं शेवटी आईकडंच जातंय."

ती टेप आता माझ्या फोनमध्ये आहे. रोज बघते. भीती वाटते का, असं जावई विचारतात. भीती कसली? टेपवर प्राची त्या बाईच्या गळ्यातले काळे मणी ओढते, ती पोरीच्या टाळूवर हनुवटी टेकवते, डोळे मिटते. माझाच चेहरा आहे, पण मला त्यातलं काही, काही म्हणजे काहीच आठवत नाही. ना त्या लेकराचं वजन, ना ऊब. ते सगळं तिला मिळालं.

सुमनवरचा राग गेला. आता त्या बाईवर जळते.