कुलपाला आवतन

ताईची नवी सून पुण्याहून पहिल्यांदाच रायपूरला आली आणि आमचं बेट दाखवायचं काम माझ्याकडे आलं. बेट म्हणजे तात्यापाऱ्यातली गल्ली. चारी बाजूंनी हिंदी, वळणावळणाला छत्तीसगढी, आणि मधे मराठ्यांच्या राजवटीत येऊन इथेच रुतलेली आमची नऊ घरं. मी हातवारे करत ओटे, देऊळ, विहीर दाखवली.

"नऊ घरं कुठेत, मामा?"

"ते मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे ना, ते एक. ती कोचिंग क्लासची पाटी, ते दुसरं."

जिवंत घरं चारच होती. त्या चौघांना महालक्ष्म्यांच्या जेवणाचं आवतन द्यायलाच आम्ही निघालो होतो. आमच्याकडे हे बोलावणं फोनवर चालत नाही. आदल्या दिवशी दुपारी दारात उभं राहून हाक मारायची आणि आतून 'हव', म्हणजे हो, आल्याशिवाय पायरी सोडायची नाही. माणूस गेलं तरी घराचं आवतन चुकत नाही. जो राहत असेल त्याने हव म्हणावं. जितके हव, तितकी पानं. हे काम लहानपणापासून माझ्याकडे, कारण माझा आवाज मोठा आणि दुसरा कुठलाच गुण नाही.

यंदा ताईने बजावलं होतं, "पाच हव नाही आले तर मुखवटे सुनेसंगं पुण्याले पाठवते. देवी का आपल्या दोघांची थोबाडं पाहायले येते?"

मुखवटे गेले की ताईला सकाळी उठायला कारण उरणार नाही, हे मला ठाऊक होतं.

आता माझं पाप सांगतो. पाचवं घर आमच्या शाळेतल्या बाईंचं. त्या वारल्यापासून त्याला कुलूप. ताई गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही. तीन वर्षं मी त्या कुलपाला आवतन देत होतो आणि नाकातून बारीक आवाज काढून 'हव' म्हणत होतो, म्हणजे पायरी सोडताना निदान नियम मोडत नाही. ताईला सांगायचो, भाडेकरीण ठेवलीय, लाजाळू आहे, डबा दे. तो डबा मीच तळ्याच्या काठी बसून संपवायचो.

यंदा सून सोबत. "तू पुढे हो, देवळापाशी थांब," म्हटलं, तर ती हलेना. शेवटी ओरडलो, "बाई, उद्या महालक्ष्म्यांचं जेवण! आवतन हाय!" आणि रुमाल तोंडाशी नेला.

"हव."

आवाज आतून आला होता. वर्गात हजेरी घेताना बाई ज्या तुटक सुरात पुढच्या नावाकडे जायच्या, तोच सूर.

"येतायत की," सून म्हणाली. मग तिला कुलूप दिसलं. "मामा, बाहेरून कुलूप?"

"मागे दार आहे," मी म्हणालो. मागे लॉजची भिंत आहे.

दुसऱ्या दिवशी चौघी आल्या. पाचवा पाट रिकामा. पुरण निवत चाललं, फुलोऱ्याखाली महालक्ष्म्या उभ्या, आणि ताई पंगत सुरू करू देईना.

"तुही भाडेकरीण काहून नाही आली?"

मी कबूल केलं. भाडेकरीण नाही, कधीच नव्हती, तिन्ही डबे मी खाल्ले.

"मले माहीत हाय," ताई म्हणाली. "दरसाल तुह्या शर्टावर कढी राहत होती, गाढवा. म्हटलं, सोंग करून का होईना, हाक तर पडते त्या दारात. यंदाचं हव बी तुहंच न?"

"नाही, ताई. यंदा मी हव म्हणायला तोंडच उघडलं नव्हतं."

ताईने सुनेकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "मीपण ऐकलं, आई."

ताई भिंतीला धरून उठली. पाचव्या पानावर भात वाढला, पुरणपोळी ठेवली, तूप सोडलं, आणि सुनेला म्हणाली, "मुखवटे राहू दे इथंच. यायवाले हायेत अजून."

मग आम्ही जेवायला बसलो. मी त्या पाटाकडे पाठ करून बसलो आणि पाठ गार पडत गेली. मधेच ताई भाताचं पातेलं घेऊन तिकडे वळली.

"अजून थोडा घेता न, बाई?"

पंगतीतल्या सगळ्यांचे घास 'हव' ऐकायला हातातच थांबले.