विहिरीवरचं आभाळ

आयझॅक ग्रॅटनचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. बायको डल्सी चहा आणि चरबीत तळलेला पाव पुढ्यात ठेवायची, तो खायचा आणि सहाच्या आत खाणीवर हजर असायचा. उजाडायच्या आधी दगड कसा दिसतो, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "दगड आधी हाताला दिसतो. ज्याला दिसत नाही त्याने दुकान टाकावं."

डर्बीशरमधल्या ब्रॅकलो गावात 'ड्रेस' या शब्दाला फार कामं होती. कपड्यांचं काम त्यात सगळ्यात कमी. खाणीत दगड घडवायचा, तो ड्रेस करायचा. खाटीक कोंबडी सोलून साफ करी, त्यालाही तोच शब्द. नर्स जखम बांधी, त्यालाही तोच. आणि जुलै महिन्यात गावच्या बाया फळीवर थापलेल्या ओल्या मातीवर फुलांच्या पाकळ्या बसवून चित्र करत आणि ते विहिरीवर उभं करत, त्यालाही तोच. आयझॅकच्या मते दगडाचा अर्थ खरा, बाकीचे उसनवारीचे. खाटकाचं तो एक वेळ चालवून घेई. त्यात निदान धारेचं हत्यार लागतं.

विहिरीचं चित्र मात्र त्याच्याच घरातून निघे. वीस वर्षं ते डल्सी काढत होती. आठ दिवस टिकणाऱ्या वस्तूसाठी बायको पंधरा दिवस राबते, हे त्याने सहन केलं होतं. समजून घेतलं नव्हतं.

त्या वर्षी चित्रात बायबलमधल्या महापुरात तरलेली नोहाची नौका होती. सोमवारी डल्सी अनवाणी पायांनी माती तुडवताना घसरली. उजवं मनगट मोडलं, डोकंही आपटलं. गुरुवारपर्यंत अंथरूण सोडायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं. बाकीच्या बायांनी मंगळवारी संध्याकाळपर्यंत पाणी, नौका, जनावरं पुरी केली. राहिलं ते वरचं आभाळ, आणि ते बसवायचा हात फक्त डल्सीचा.

त्या रात्री मॉड बॅगशॉ भेटायला आली. ही गेली कित्येक वर्षं डल्सीच्या जागेवर डोळा ठेवून होती.

"शनिवारी पाद्रीबाबा विहिरीला आशीर्वाद द्यायला येणार," ती म्हणाली. "तोवर नौका झाली नाही तर माझं मेंढराचं चित्र तयार आहे. आणि मी म्हणते, पुढच्या वर्षापासून तरी तुला कशाला हा ताप, डल्सी?"

मॉड गेली. डल्सी भिंतीकडे तोंड करून पडली. आयझॅकने तिला असं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"आभाळच राहिलंय ना? मी बसवतो."

"तू?"

"का? पाकळी दगडापेक्षा जड असते?"

"मॉडला विचार कसं ते. तिला कळतं."

"विचारतो," तो म्हणाला. ते खोटं होतं.

बुधवारी आणि गुरुवारी तो खाणीवरून थेट चित्राच्या कोठारात गेला. गावातल्या कुंड्यांमधली निळी हायड्रेंजियाची फुलं बायांनी टोपल्यांत आणून ठेवली होती. आयझॅकने कात्री मागवली. एकेक पाकळी कडेने कापून चौरस केली आणि शेजारणीला कडेशी कड लावून मातीत दाबली, जसा भिंतीचा दगड दगडाला लावतात. मॉडला राहवेना.

"अरे आयझॅक, खालून वर जा. वरची खालचीवर चढव."

"जो चढवतो तो सांधा लपवतो, मॉडबाई."

"मग काय, पाकळ्यांची चर्चची भिंत बांधतोस?"

"बघून घ्या. सुरीचं पातं शिरायचं नाही."

खरंच शिरलं नसतं. गुरुवारी संध्याकाळी आभाळ पुरं झालं तेव्हा खाणीतले दोघे तिघे बघायला आले आणि टोप्या मागे सारून उभे राहिले. सांधाच दिसत नाही असं आभाळ डर्बीशरमध्ये कुणी पाहिलं नव्हतं. माती सुकू नये म्हणून आयझॅकने वरून पाणी शिंपडलं आणि तो घरी जाऊन गाढ झोपला.

शुक्रवारी सकाळी त्याने डल्सीला हाताला धरून कोठारात आणलं. पाकळ्या रातोरात आकसल्या होत्या. प्रत्येकीच्या चारी बाजूंनी माती दिसत होती, त्या फटींतून पाणी आत गेलं होतं, आणि अर्धं आभाळ घसरून नोहाच्या डोक्यावर आलं होतं.

मॉड दारातच होती. "पूर आलाच म्हणायचा," ती म्हणाली.

डल्सी आधी हसली. मग बराच वेळ हसली. हसताना मोडका हात दुसऱ्या हाताने धरून होती.

"दगड आकसतो का, आयझॅक?"

"नाही."

"घराच्या छपराची दगडी कौलं कोण घडवतं?"

"मी."

"ती कडेशी कड लावून ठेवतोस?"

आयझॅकने वर कोठाराच्या छपराकडे पाहिलं. छपराचं कौल खालच्यावर चढतं, म्हणून पाऊस खाली जातो. हे त्याने स्वतः शेकडो घरांवर केलं होतं.

"खरवड ते," डल्सी म्हणाली. "माती परत सपाट कर. मी सांगते तसं बसव."

"बसवणार काय? निळं संपलंय," मॉड म्हणाली. "गावातल्या सगळ्या कुंड्या बोडक्या झाल्या. माझ्याकडे झाडाची वाळकी काळी बोंडं आहेत. अंधारी रात्र करा. नोहाला काय, तो आतच आहे."

आयझॅकने टोपी घातली. खाणीवर गेला, दुपारच्या भोंग्यापर्यंत दगडावर टाकी चालवली, मग रांगेत पहिला उभा राहून पगाराचं पाकीट घेतलं आणि अर्ध्या दिवसाची सुटी मागितली. मुकादमाने वर पाहिलं.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. आभाळ आणायचंय."

मुकादमाने हातानेच जा म्हटलं. आयझॅक चेस्टरफिल्ड शहराच्या बसमध्ये बसला.

चारला तो निळ्या हायड्रेंजियाची चार खोकी विकत घेऊन परतला. डल्सी खुर्चीत बसून सांगत होती, तो खालून वर चढवत होता. बोटं जाड, पाकळी फाटे. फाटली की ती म्हणे, "दुसरी घे, शिव्या मनात दे." पाच वाजता मॉडने बाह्या सावरल्या आणि शेजारचं स्टूल ओढलं. "मेंढराला कंटाळा आला," ती म्हणाली, "पडून पडून." तिचा वेग आयझॅकच्या तिप्पट होता. त्याने तो पाहिला आणि एक खोकं तिच्याकडे सरकवलं. दिवेलागणीला शेवटची ओळ बसली.

शनिवारी पाद्रीबाबा आशीर्वादाचे शब्द म्हणत होते तेव्हा पाऊस आला. सगळे छत्र्यांखाली सरकले. आयझॅक भिजत फळीजवळ उभा राहिला आणि थेंब पाकळीवरून पाकळीवर उतरत खाली कसा जातो ते बघत राहिला. एकही पाकळी हलली नाही. मॉडने वर्गणीच्या डब्याची राखण करता करता डल्सीला विचारलं, "पुढच्या वर्षी काय काढणार आहेस?"

रविवारी ग्रॅटनांच्या ताटात मांस नव्हतं. उकडलेले बटाटे होते, कोबी होता, आणि कालच्या पावाचा तुकडा. डल्सीने डाव्या हाताने वाढलं. दोघं खिडकीशी बसून जेवली. आयझॅकची आठवड्याची अख्खी मजुरी समोरच्या विहिरीवर उभी होती, निळी, आणि परगावचे लोक थांबून तिच्याकडे बघत होते.