टर्बोचा काही दोष नव्हता

बिघडलेली गाडी बिघडलेलीच राहिली, तर तिला कोणीही दुरुस्त करील. खरा वैताग असतो तो गॅरेजात आणली की शहाण्यासारखी वागणाऱ्या गाडीचा. नव्वदनंतरच्या वर्षांत उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, आणि असल्या गाड्या सगळीकडे फिरून शेवटी माझ्याकडेच यायच्या. ही फुशारकी वाटत असेल तर खुशाल वाटू दे.

तशीच एक आली. एका सिंधी कापडवाल्या शेठची, आखातातून आणलेली जुनी डिझेल गाडी. मागे मोठ्या अक्षरांत 'टर्बो' लिहिलेलं. त्या एका शब्दाने सगळ्या मेकॅनिकांची मती गुंग केली होती. गाडी अर्धा-पाऊण तास छान चालायची, मग रस्त्यातच गप्प व्हायची, आणि वीस मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालू व्हायची. तीन गॅरेजांनी टर्बो खोलला, पुसला, परत बसवला. अहो, टर्बो बिचारा इंजिनात हवा ढकलतो. तो बिघडला तर गाडी धूर सोडेल, चढावर रडेल, पण दिव्याचं बटण दाबल्यासारखी विझणार नाही. अशी विझते ती करंट गेल्यामुळे. एवढं साधं कोणाला सुचत नव्हतं, याचा मला रागच आला.

गाडी आणणारा ड्रायव्हर अंबरनाथचा, साधारण माझ्याच वयाचा. दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "वायरमन, आज गाडी ओके नाय झाली तर सोमवारपासून येऊ नको बोललाय शेठ. शनिवार-रविवारीच जास्त बंद पडते ना, तर त्याला वाटतं मीच काय तरी लूज करून ठेवतो, सुट्टी मारायला. घरी बायकोला अजून सांगितलं नाय."

"आज फॉल्ट सापडल्याशिवाय मी दुकान बंद करत नाही," मी म्हणालो.

डिझेल पंपावर एक छोटा सोलेनॉइड, म्हणजे करंटवर उघडणारी झडप, असतो. त्याला करंट आहे तोवर डिझेल सुरू. करंट गेला की डिझेल बंद आणि इंजिनही बंद. मी एक लांब वायर चावीजवळ जोडली, दुसरी थेट सोलेनॉइडवर, आणि दोन्हींना एकेक इंडिकेटरचा बल्ब लावून ते डॅशबोर्डवर टांगले. मग ड्रायव्हरला म्हटलं, "चल, वांगणीकडे घे. बंद पडेपर्यंत थांबायचं नाही."

अंबरनाथ गेलं, बदलापूर गेलं, दोन्ही बल्ब लख्ख. गाडी बंद पडावी म्हणून आम्ही दोघंही देव पाण्यात घालून बसलो होतो, म्हणजे मी तरी. वांगणीच्या अलीकडे, भाताच्या शेतांपाशी, इंजिन गप्प झालं. चावीकडचा बल्ब पेटलेला, पंपाकडचा विझलेला. मी चक्क टाळी वाजवली.

बॉनेट उघडून वायर चाचपत गेलो. वाटेत प्लास्टिकचा एक जोड लागला. तो ओढून सोडवला, तर आतल्या पिना हिरव्यागार सडलेल्या, वर सगळं चिकट. आणि कडेला एक बी अडकलेली. लिंबाची.

"इंजिनात लिंबू कोण पिळतं रे?" मी हसत विचारलं. तो हसला नाही.

"शेठची आई दर शनिवारी लिंबू-मिरची देते, गाडीला बांध म्हणून," तो म्हणाला. "आमचं घर बौद्ध, बावीस प्रतिज्ञा घेतलेलं. बाप विहाराचं काम बघतो. गाडी आमच्या गल्लीवरून जाते. पुढे लिंबू लटकवून कसा जाऊ? आणि म्हातारीला नाय तरी कसं बोलू? म्हणून बॉनेटच्या आत बांधायचो. मेकॅनिककडे जाताना काढून टाकायचो."

बॉनेट दाबून लावलं की लिंबू पिळलं जात होतं, आणि रस थेट जोडावर. शनिवारी ताजं लिंबू, शनिवार-रविवारी गाडी बंद. गाडीला नजर लागलीय म्हणून म्हातारीने नंतर एकाची दोन लिंबं केली होती! मला हसूही येईना आणि रागावताही येईना.

सडलेला जोड तापला की करंट तुटायचा, थंड झाला की परत यायचा. तो कापून वायरी थेट जोडल्या. परत येताना दोन्ही बल्ब शेवटपर्यंत पेटलेले होते. माझा एक नियम होता: काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा आणि कशाने गेला ते सांगायचं. त्या दिवशी मी जोड खिशात घातला आणि ड्रायव्हरला म्हटलं, "तू गप्प राहा, मी बोलतो."

शेठ घराच्या दारातच उभा होता. त्याची आई मागे झोपाळ्यावर.

"क्या निकला, साईं? इसका हाथ था ना?"

"नाही शेठ. पुरानी गाडी है, कनेक्टर सड गया था. अब बंद नहीं पडेगी."

शेठने मान डोलावली. काम फत्ते झालं होतं. इतक्यात ड्रायव्हर पुढे झाला आणि शेठला ओलांडून थेट म्हातारीशी बोलला.

"अम्मा, निंबू मैं अंदर बांधता था. उसका रस गिरा, उससे बंद पडती थी. हमारे घर में ये नहीं मानते. मेरे को बाहर बांधने की शरम आती थी. आगे से मैं नहीं बांधेगा."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. अर्ध्या मिनिटापूर्वी वाचवलेली नोकरी गड्याने स्वतःच्या हाताने घालवली, असंच मला वाटलं. शेठचा चेहरा लाल झाला. तो तोंड उघडणार, तेवढ्यात म्हातारीने झोपाळा पायाने थांबवला.

"साल भर से मेरे से डरता था?" ती म्हणाली. "पागल. बोल देता, तो मैं खुद बांध लेती. मेरे हाथ टूटे हैं क्या?"

शेठने एकदा आईकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग माझ्याकडे वळून विचारलं, "और तुम? तुमको मालूम था?"

मी खिशातला जोड काढून त्याच्या हातात ठेवला. माझी मान खाली गेली होती. ड्रायव्हरची नव्हती.

"सोमवार को आठ बजे," शेठ त्याला म्हणाला, "सूरत जाना है. लंबा रास्ता है, टाइम पे आना."