असा ग्राहक नाही

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. सकाळी धुकं, नंतर स्वच्छ ऊन. स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलला, गळणं थांबलं. शेजारीण शिडी परत देऊन गेली, तिचा एक पाय अजून डुगडुगतो (शिडीचा). सूनबाई उशिरा आली, न सांगता मोठा पाव घेऊन. चेहरा उतरलेला. विचारलं तर म्हणाली, "आई, ज्यांच्याकडून आणला ते काका आज माझ्या हातून गेले." मी मटकन खाली बसले. मग कळलं, कॉम्प्युटरमधून गेले. माणूस ठणठणीत आहे. पाव ताजा होता.

एवढं लिहून सासूबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि सुनेकडे बघितलं. सूनबाई पावाचा कडेचा तुकडा कुरतडत बसली होती.

या घरात कामाची वाटणी पहिल्यापासून स्पष्ट होती. सासूबाई ठेवायच्या आणि सूनबाई टाकायची. सासूबाईंनी लग्नाआधीपासूनच्या डायऱ्या पलंगाखालच्या ट्रंकेत नीट रचून ठेवल्या होत्या. सुनेला टाकण्याचाच पगार मिळत होता. तिचा नवरा फिरतीच्या नोकरीवर असायचा. तो म्हणे, "दोघींच्या मध्ये मी आहे म्हणून घरात जेवढं हवं तेवढंच सामान राहतं." तो घरी असायचा आठवड्यातून दोन दिवस, ही गोष्ट वेगळी.

सूनबाई ज्या कारखान्यात होती, तिथे बेकऱ्यांसाठी मोठ्या भट्ट्या बनत. ऑर्डर, गोदाम, पगार, बिलं, सगळा कारभार एकाच सॉफ्टवेअरवर चाले. वर्षानुवर्षांची माहिती साठून ते जड होई, म्हणून वर्षातून एकदा त्याची झाडलोट करावी लागे. जुन्या, पुऱ्या झालेल्या ऑर्डरी अडगळीच्या खोलीत न्यायच्या, म्हणजे वेगळ्या साठ्यात. निकामी असेल ते कायमचं पुसायचं, मग उरलेल्याची घडी नव्याने बसवायची. हे काम तिच्याकडे असल्यामुळे ऑफिसात तिचं खरं नाव मागे पडलं होतं. सगळे तिला आवराबाई म्हणत.

या वर्षी झाडलोटीला कधी नव्हे एवढं महत्त्व आलं होतं. गोदामकाका सकाळी पडद्यावर बटण दाबत, चहा प्यायला जात, चहा पिऊन परत येत, तरी पडदा उघडलेला नसे. गाड्या फाटकापाशी तिष्ठत उभ्या राहत. शेवटी कॉम्प्युटर विभागाच्या मोठ्या बाईंनी आवराबाईंना खोलीत बोलावलं.

"हे बघा, शनिवारी सगळ्यांना सुट्टी आहे. दुपारी चारपर्यंत सॉफ्टवेअर तुमचं. चारला गोदाम सुरू होईल. तेव्हा ते हलकं झालेलं नसेल, तर पुढच्या वर्षापासून हे काम बाहेरच्या कंपनीला. वरून तसं ठरून आलंय, माझ्या हातात नाही."

"आणि मी?"

"पासवर्ड विसरलेल्यांची खिडकी रिकामी आहे."

आवराबाईंच्या डोळ्यांसमोर ती खिडकी उभी राहिली. दिवसभर फोन घ्यायचे आणि मोठ्या माणसांना विचारायचं, 'कॅपिटल अक्षरांचं बटण दाबलेलं राहिलंय का?'

वजन उतरवायचा उपाय विक्री विभागाच्या साहेबांनी सुचवला होता. त्यांना सगळे घाईसाहेब म्हणत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दहा वर्षं ज्याने काही मागवलं नाही तो ग्राहक मेला, त्याला काढून टाका. अडगळीच्या खोलीतही नको, तिथे आधीच पाय ठेवायला जागा नाही. ग्राहकाबरोबर त्याच्या भट्टीची मापं आणि नकाशेही गेले तर जाऊ देत. मोठ्या बाईंनी सही केली होती, आवराबाईंनाही त्यात वावगं वाटलं नव्हतं.

पण तिचा एक रिवाज होता. तिला हे काम शिकवणारे गुरुजी निवृत्त होऊन आता गुलाब लावत बसले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तालमीशिवाय झाडू उचलायचा नाही." म्हणजे सगळी झाडलोट आधी सॉफ्टवेअरच्या नकलेवर करून बघायची. "आणि तालीम झाली की एक ओळखीचं माणूस शोधायचं. कपाट आवरल्यावर आपली रोजची साडी सापडते ना, ते आपण बघतो. तसंच हे."

आवराबाई दर वर्षी घराजवळच्या बेकरीवाल्या काकांना शोधी. त्यांच्या भट्टीच्या दारावर तिच्या कारखान्याची पितळी पट्टी होती. लहान मुलाचं नाक पुसावं तशी काका ती पट्टी रोज पुसत. दर वर्षी तालमीनंतर ते पडद्यावर जागच्या जागी सापडत आणि ती निश्चिंत होई.

शुक्रवारी दुपारी तालीम झाली. तिने काकांच्या बेकरीचं नाव टाकलं. पडदा म्हणाला, 'असा ग्राहक नाही.'

तिने पुन्हा टाकलं. पडदा आपल्या म्हणण्यावर ठाम होता.

म्हणून घरी येताना ती बेकरीत शिरली. काका पिठाने पांढरे झालेले होते, पण त्याहून जास्त काही त्यांना झालेलं दिसत नव्हतं.

"काका, आमच्याकडून तुम्ही शेवटचं कधी काय मागवलं?"

"भट्टीच! मुलगी पाळण्यात होती तेव्हा. आता तिला पाळणा हवाय."

"मध्ये कधी फोनसुद्धा नाही केलात?"

"अगं, फोन करायला काहीतरी बिघडावं तर लागतं ना! तुमचा कारखाना कुठे संधी देतो?" काका हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "पण आता दाराची बिजागरी कुरकुरायला लागलीय. म्हातारपणी सगळ्यांचीच कुरकुरते. एखाद्या दिवशी दारच बदलायला लागेल. माप आहे ना तुमच्याकडे? ही खोली तिरकी. ते दार या जागेसाठीच बनवलंय, दुसरं बसायचं नाही."

"आहे," ती म्हणाली. तोंडातून शब्द गेला आणि तिच्या लक्षात आलं, माप आजच आहे. उद्या दुपारनंतर नसणार होतं. गरज नसताना तिने मोठा पाव घेतला तो या भरात.

आता जेवणाच्या टेबलापाशी ती सासूबाईंना म्हणत होती, "ज्यांची भट्टी उत्तम चालली तेच गप्प बसले, आई. जे गप्प बसले तेच आम्ही मेले म्हणून धरले. सुक्याबरोबर ओलंही जळायचं."

"मग नका काढू त्यांना."

"नाही काढलं तर वजन उतरत नाही. मग मी खिडकीत."

"किती वजन आहे गं या लोकांचं?"

सूनबाईने हातातला तुकडा खाली ठेवला. किती वजन आहे हे कुणी मोजलंच नव्हतं. घाईसाहेबांना ग्राहकांची यादी लांब वाटली आणि सगळ्यांनी लांब म्हणजे जड असं धरलं. रोज त्या सॉफ्टवेअरच्या अंगाखांद्यावर खेळणाऱ्या तिनेसुद्धा.

"अहो आई, मी काखेत कळसा घेऊन गावभर हिंडतेय," ती म्हणाली आणि उरलेला पाव झाकून झोपायला गेली.

शनिवारी ऑफिस ओस पडलं होतं. खुर्च्या टेबलांत सरकवलेल्या, कुणाच्या तरी मेजावरचं रोपटं पाण्यासाठी मान टाकून बसलेलं. तिने आधी त्याला पाणी घातलं. मग सॉफ्टवेअरला एकच प्रश्न विचारला, तुझ्या कुठल्या खणात सगळ्यात जास्त भार आहे?

ग्राहकांचा खण तळाशी कुठेतरी सापडला, पिसासारखा हलका. पहिल्या नंबरवर होता तो जपून ठेवलेल्या रिपोर्टांचा खण, आणि तो एकटाच बाकी सगळ्यांना पुरून उरत होता. तिने तो उघडला. राहिलेल्या ऑर्डरींचा एकच रिपोर्ट दर पंधरा मिनिटांनी आपोआप तयार होत होता, दिवसरात्र, सणासुदीला, रविवारी. ज्या प्रिंटरसाठी तो बनत होता तो प्रिंटर कधीच भंगारात गेला होता. रिपोर्ट मात्र इमानेइतबारे साठत होते, आणि कुणी एकही उघडून पाहिला नव्हता. मागणाऱ्याचं नाव होतं घाईसाहेब.

तिने त्यांना फोन लावला. मागे पाण्याचा खळखळाट आणि मुलांची आरडाओरड ऐकू येत होती.

"लवकर बोला आवराबाई, लेकीची पोहण्याची शर्यत आहे!"

"साहेब, दर पंधरा मिनिटांनी एक रिपोर्ट बनतोय. पुसू का?"

"कोणत्या शहाण्याने मागितला होता?"

ती गप्प बसली. बरीच गप्प बसली.

"मी?"

"हो, साहेब."

"पुसा! मुळासकट पुसा! आणि हे बघा, मोठ्या बाईंना..."

"त्यांना 'जुना रिपोर्ट' एवढंच सांगते. पण साहेब, मग ग्राहकांना हात लावत नाही. ते हलके आहेत, आणि आपल्या भट्ट्या चांगल्या चालल्यात म्हणून गप्प आहेत."

"अहो, पण ती यादी खाली खाली सरकवून माझं बोट दुखतं!"

"त्यांच्यापुढे 'शांत' अशी खूण करून ठेवते. शोधल्याशिवाय दिसणार नाहीत."

"करा. अगं पोह, पोह! तुम्ही नाही हो, ती."

परवानगी मिळाली खरी, पण बेत बदलला होता आणि तालमीशिवाय झाडू उचलायचा नाही. क्षणभर तिला वाटलं, आजचा दिवस तालीम सोडून द्यावी, चार वाजायला वेळ तो किती उरलाय. पण मग गुरुजी हातात कात्री घेऊन गुलाबांतून उठून येतील असं वाटलं. तिने नव्याने नक्कल काढली, तालीम घेतली, काकांचं नाव टाकलं. काका जागच्या जागी होते, तिरक्या खोलीसकट, बिजागरीच्या मापासकट. मगच तिने खऱ्या सॉफ्टवेअरला हात घातला.

पुसण्याची पट्टी पडद्यावर मुंगीच्या पावलांनी पुढे जाऊ लागली. दुपारी ती मध्येच अशी थांबली की घोडं पेंड खाणार असं तिला वाटलं. तिने हात मांडीखाली दाबून धरले. हातांना काही सुचायला लागलं की नासधूस होते, हेही गुरुजींचंच. पट्टी हलली. पुसणं संपलं, मग घडी बसवणं सुरू झालं. मोठ्या बाई सुट्टी असून आल्या आणि एक शब्दही न बोलता शेजारच्या खुर्चीत बसल्या, त्यामुळे वेळ आणखीच लांबला.

घडी बसली तेव्हा गोदामकाका दारात उभेच होते, हातात चहाचा रिकामा पेला.

"दाबू?"

"दाबा."

त्यांनी बटण दाबलं आणि सवयीने चहाकडे वळले. पाऊल उचलायच्या आत मागे पडदा उघडलेला होता. ते वळले, पडद्याकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं.

"अहो आवराबाई, हा काय अन्याय! आता मी चहा कधी प्यायचा?"

मोठ्या बाई हसल्या. त्यांना हसताना त्या विभागाने फारसं पाहिलं नव्हतं. "खिडकीसाठी दुसरं कुणीतरी बघते," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या. दारातून वळून त्यांनी विचारलं, "काय होतं नेमकं?"

"जुना रिपोर्ट," आवराबाई म्हणाली.

घरी येताना ती बेकरीत थांबली. काका पितळी पट्टी पुसत होते. "दाराचं माप आहे आमच्याकडे," ती त्यांना म्हणाली, "बिजागरीचंही."

"कालच म्हणालीस की!"

"आज बघून सांगतेय."

काकांना त्यातलं फारसं कळलं नाही, पण आनंदी गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने पाठवायची त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी एक गरम पाव कागदात गुंडाळून तिच्या हातात ठेवला.

रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी डायरी उघडली. सूनबाई गुणगुणत भांडी विसळत होती. सासूबाईंनी तारीख घातली, हवा लिहिली, काम टिकलं ते लिहिलं, शिडीचा पाय ठोकून घेतला ते लिहिलं, आणि खाली शेवटची ओळ घातली.

आज पुन्हा मोठा पाव आला. कालचा अर्धा अजून शिल्लक आहे.